अर्धं छप्पर पांढरं, अर्धं काळं

आमचं घर कॉव्हेंट्रीत आहे, १९३० च्या दशकातलं सेमी, म्हणजे एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत, डावीकडे आम्ही आणि उजवीकडे एक इंग्रज आजोबा. जानेवारी २०२३ मधली गोष्ट. सकाळी पावणेआठला लेकीला शाळेत सोडायला निघाले होते, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून खरवडून मान अवघडली म्हणून वर बघितलं तर छप्पर दोन रंगांचं. आजोबांची बाजू पांढरीशुभ्र, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी, आणि आमची काळी, ओली. मधली रेघ इतकी सरळ की कोणी पट्टी लावून आखावी. आधी वाटलं आपल्या बाजूला ऊन लागलं असेल, मग लक्षात आलं की सूर्यच अजून उगवलेला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला बरंय की मग, आपला बर्फ वितळला. आणि दोन सेकंदांनी म्हणाला, थांब, वितळला कशाने?

कशाने म्हणजे आपल्याच गॅसने. खाली बॉयलर जळतोय, रेडिएटर तापतायत, ती गरम हवा वर जाऊन कौलं शेकतेय आणि आम्ही खाली दोन दोन स्वेटर घालून बसलोय. आणि तो हिवाळा कुठला, तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने एनर्जी प्राइस गॅरंटी आणून सरासरी घराचं वर्षाचं बिल २५०० पौंडांच्या आसपास धरलं होतं तो. इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, त्या हिवाळ्यात लोक टीव्हीपेक्षा स्मार्ट मीटरचा छोटा स्क्रीन जास्त बघायचे. आमचा ओट्यावर होता, सकाळी हीटिंग सुरू झालं की हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल, आणि तो लाल झाला की नवरा कुठल्यातरी खोलीतला दिवा बंद करायला जायचा, जसं काही त्या एका एलईडीने फरक पडणार होता.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात कानटोपी, त्यावर शाल, पायात दोन मोजे. वरच्या खोलीत सकाळी १४ डिग्री असायचं. दोन-चार दिवस त्यांनी बघितलं आणि मग म्हणाल्या, "अगं, भातावर झाकण ठेवायचं नाही आणि गॅस मोठा करत बसायचं, असं चाललंय तुमचं." पुढे मी या विषयावर जेवढं वाचलं त्यात याच्यापेक्षा सोपं करून कोणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

तर त्या रविवारी नवरा शिडी लावून माळ्यावर चढला. माळा म्हणजे लॉफ्ट, इथे सगळे लॉफ्टच म्हणतात आणि आता आम्हीही. घर घेऊन सहा वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत आम्ही तिथे फक्त बॅगा ढकलल्या होत्या, खाली काय आहे ते कधी बघितलं नव्हतं. त्याने एक फळी उचलली, खाली जॉइस्टच्या, म्हणजे छताच्या आडव्या तुळयांच्या, मधे कुठल्या काळात घातलेलं पिवळं ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, होतं, मूळचं १०० मिलिमीटर असेल पण आधीच्या मालकाने त्यावर फळ्या ठोकलेल्या आणि आम्ही फळ्यांवर बॅगा रचलेल्या, त्यामुळे दबून दबून त्याची पार गोधडी झालेली. तीसुद्धा जुनी, मधे विरलेली. टेप लावली तर कुठे ६० कुठे ४०.

आता इथे एक गोष्ट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. ही लोकर स्वतः काही गरम नसते, ती नुसती हवा अडकवून ठेवते, आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. म्हणजे लोकर दाबली की हवा गेली आणि हवा गेली की काम संपलं. सध्या इथे लॉफ्टसाठी जी जाडी सांगतात ती २७० मिलिमीटर, म्हणजे फूटभराला जरा कमी. त्यातले १०० जॉइस्टच्या मधे आणि १७० त्याच्यावर आडवे, जॉइस्टला काटकोनात, कारण लाकूडसुद्धा उष्णता वर नेतं, ते झाकलं गेलं पाहिजे. काहीच इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, नसलेल्या घरात साधारण पाव उष्णता छपरातून जाते आणि तिसरा हिस्सा भिंतींतून, असा ढोबळ हिशोब सगळीकडे देतात. मी तो वाचला आणि भिंतींकडे बघायला लागले.

भिंतींचं असं आहे. १९२० च्या आधीची इथली घरं बहुतेक भरीव भिंतींची, नंतरच्या घरांत हळूहळू कॅव्हिटी आली, म्हणजे विटांची एक भिंत बाहेर, एक आत, मधे साधारण दोन इंचांची पोकळी आणि दोघींना धरून ठेवायला लोखंडी टाय. आपली भिंत कुठली ते बाहेर उभं राहून कळतं. सगळ्या विटा लांबीला दिसत असतील तर बहुतेक कॅव्हिटी, आणि एक लांब एक आखूड असा नक्षीसारखा प्रकार असेल तर भरीव. गिलावा असेल तर दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी जाडी मोजायची, २६० मिलिमीटरच्या वर भरली तर बहुतेक कॅव्हिटीच. आमच्या खालच्या मजल्याच्या सगळ्या विटा लांबीला. मी हे शोधून काढल्यावर पुढचे दोन महिने रस्त्याने जाताना लोकांच्या भिंती बघत चालायचे, लेक म्हणायची आई प्लीज.

पोकळी ठेवली ती उबेसाठी नाही हं, पावसासाठी. बाहेरची वीट भिजते, पाणी तिच्या आतल्या अंगाने खाली उतरतं आणि आतली भिंत कोरडी राहते. पण रिकाम्या पोकळीत हवा फिरत बसते, आतल्या भिंतीकडून ऊब घेते, वर जाते, बाहेरच्या भिंतीला देते, परत खाली. म्हणून ती भरायची. आणि भरायची तर अशी की हवा थांबली पाहिजे पण पाण्याला आत यायला पूल मिळता कामा नये. सगळी भानगड या एका वाक्यात आहे, आणि हे वाक्य आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाला माहीत नव्हतं किंवा माहीत असून सांगायचं नव्हतं.

तो पहिला माणूस कसा आला ते थोडक्यात. २०२३ मधेच सरकारने ग्रेट ब्रिटिश इन्सुलेशन स्कीम आणली, त्यात इंग्लंडमधे काउन्सिल टॅक्सचा (आपल्या घरपट्टीसारखा कर) बँड ए ते डी आणि घराची ईपीसी, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं त्याची श्रेणी, डी किंवा त्याच्या खाली असेल तर एखादं काम सवलतीत किंवा फुकट व्हायचं. आमची ईपीसी डी, बँड सी, म्हणलं बघू. फॉर्म भरला आणि फोन सुरू झाले, कुणाचे कुणाचे. त्यातल्या एका कंपनीचा सर्व्हेअर आला, वीस मिनिटं होता, त्यात पाच मिनिटं फोनवर. भिंतीला हात लावून म्हणाला परफेक्ट, इथे सही करा. मी विचारलं भोक पाडून आत कॅमेरा घालून बघणार नाही का? म्हणाला या भागातली घरं सगळी सारखीच, गरज नाही. लॉफ्टमधे तर चढलाच नाही, शिडीवरून मोबाइलचा टॉर्च मारला आणि खाली आला.

मी सही केली नाही. नवरा म्हणाला फुकट मिळतंय तर घेऊ. चार दिवस घरात जरा तणाव होता. मग आम्ही ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडे गेलो, त्याने असंच न बघता भरून घेतलं होतं आणि त्याच्या हॉलमधे खिडकीच्या खाली तपकिरी ओलीचा डाग, रंगाचे पोपडे, कपाटामागे बुरशी. भरलेलं सगळं आता उपसून काढायचं होतं, आणि काढणं भरण्यापेक्षा महाग. परत येताना गाडीत नवरा काही बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला आपण पैसे भरून करू.

इथे एक पैशाची गोष्ट सांगते कारण आम्हाला उशिरा कळली. एप्रिल २०२२ पासून ग्रेट ब्रिटनमधे घराचं इन्सुलेशन बसवून घेतलं तर व्हॅट शून्य आहे, आणि ही सवलत मार्च २०२७ पर्यंत. पण तेच रोल तुम्ही दुकानातून आणून स्वतः घातले तर मालावर नेहमीचा २० टक्के व्हॅट. त्यामुळे स्वतः करून वाचतात तेवढे वाटतं तेवढे वाचत नाहीत, वर खाज फुकट. आमचं लॉफ्टचं बिल चार आकड्यांच्या आत राहिलं, कॅव्हिटीचं दोन हजारांच्या वर गेलं. ज्या कोटेशनला आम्ही हो म्हणलं ते सगळ्यात स्वस्त नव्हतं.

आता लॉफ्ट. लोक इन्सुलेशनच्या कामाबद्दल विचारतात तेव्हा मी सांगते की काम एक दिवसाचं, पण लॉफ्ट रिकामा करणं तीन वीकएंडचं. आमच्या माळ्यावर सोळा सुटकेस निघाल्या. सोळा. प्रत्येक भारतवारीला एक जास्तीची बॅग घेऊन यायचं आणि ती वर टाकायची. एकात एक घातलेल्या, सगळ्यात आतल्या बॅगेत २०१७ सालचं मेतकूट. गणपतीचं थर्माकोलचं मखर (जे योगायोगाने उत्तम इन्सुलेशन असतं), लेकीचा पाळणा, आकाशकंदील पाच, आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दिलेलं पितळी पातेलं जे मी हरवलं म्हणून दोन वर्षं खोटं बोलत होते. आणि कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी. बॉयलर बदलून कॉम्बी, म्हणजे टाकीशिवाय थेट पाणी तापवणारा, केला तेव्हा ती बंद झाली पण तिथेच राहिली, कारण ती हॅचच्या, म्हणजे माळ्यावर चढायच्या झडपेच्या, भोकापेक्षा मोठी. नवरा तासभर ती आडवी, उभी, तिरकी करून बघत होता. छपराची दुरुस्ती करताना कौलं काढलेली असतील तेव्हा ती आत घातली असणार. शेवटी करवतीने कापून तुकडे खाली आणले.

(तुमच्याकडे टाकी अजून चालू असेल तर एक लक्षात ठेवा, टाकीला बाजूने आणि वरून गुंडाळायचं पण टाकीच्या बरोबर खाली इन्सुलेशन घालायचं नाही. खालून येणारी थोडी ऊबच तिला गोठण्यापासून वाचवते. नळांनाही लॅगिंग, म्हणजे ऊब टिकवणारं आवरण, घालून घ्या.)

ऑक्टोबर २०२३ मधे दोन पोरं आली, पांढरे सूट, मास्क, हातमोजे. जुनी गोधडी काढली नाही, जिथे कोरडी होती तिथे तशीच ठेवून वरून १०० पर्यंत भरली, मग आडवे १७० चे रोल. मधल्या भागात बॅगा ठेवायला फळ्या हव्यात म्हणून जॉइस्टवर प्लास्टिकचे उंच पाय स्क्रू केले, लॉफ्ट लेग म्हणतात त्यांना, म्हणजे फळ्या लोकरीच्या वर तरंगतात आणि ती दबत नाही. इलेक्ट्रिक शॉवरची जाड केबल त्यांनी लोकरीच्या वर उचलून घेतली, कारण ती खाली पुरली तर तापते. बाथरूमच्या छतातल्या दिव्यांवर टोप्या बसवल्या. चार वाजता गेले. वर चढून बघितलं तर सगळं पिवळंधमक, मऊ, ढगासारखं, मला फार आनंद झाला आणि मी फोटो काढून आईंना पाठवला. त्यांनी विचारलं, पातेलं कुठंय?

हॅचचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. सगळ्या माळ्यावर फूटभर लोकर आणि चढायच्या जागेला पाव इंचाचा प्लायवूड! मी एका संध्याकाळी उदबत्ती लावून हॅचच्या कडेने फिरवली. तुम्हीही करून बघा, खर्च काही नाही. धूर सरळ वर जात जात फटीपाशी आला की एकदम वाकतो आणि सुईत दोरा ओवल्यासारखा त्या फटीतून वर निघून जातो. तिन्ही बाजूंनी जात होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हॅचच्या पाठीला जाड फोमचा बोर्ड चिकटवला, कडेने रबराची पट्टी लावली, परत उदबत्ती, धूर सरळ. मग ती उदबत्ती घेऊन मी सगळ्या घरभर फिरले आणि लेक म्हणाली आज काय आहे, कुठला सण?

डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली. मी मखर आणायला वर गेले (ख्रिसमसला मखर कशाला ते विचारू नका, शाळेचं प्रोजेक्ट होतं). टॉर्च वर गेला आणि छप्पर चमकलं. छपराच्या आतल्या काळ्या फेल्टमधून (कौलांखाली पाणी अडवायला घातलेला जाड कागद) कौलांचे खिळे आत डोकावतात ना, त्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर एक एक थेंब. शेकडो. लोंबकळत होते, एखादा टपकन खाली लोकरीवर. फेल्ट हाताला ओलं. दिसायला सुंदर होतं हो, पण माझ्या पोटात गोळा आला. डोळ्यापुढे सहकाऱ्याच्या हॉलमधला डाग.

कारण दोन निघाली. एक म्हणजे लॉफ्ट आता खरोखर थंड झाला होता, जो व्हायलाच हवा, ऊब खाली राहिली म्हणजे वर थंडीच. पण थंड जागेत दमट हवा गेली की पाणी होणारच, म्हणून तिथे वारा खेळता पाहिजे, आणि वारा येतो छपराच्या कडेने, जिथे वासे भिंतीवर टेकतात त्या फटीतून. त्या पोरांनी अगदी मन लावून लोकर कडेपर्यंत कोंबली होती, फट पार बंद. दुसरं कारण अजून भारी. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप लॉफ्टमधून बाहेर जायला हवा, तो काम करताना निसटला होता की आधीपासूनच निसटलेला होता देव जाणे, पण आम्ही तिघं रोज सकाळी अंघोळ करून सगळी वाफ इमानदारीत माळ्यावर सोडत होतो. आधी लॉफ्ट उबदार होता तेव्हा ती खपून जायची.

कंपनीला फोन केला, मेल केले, दोन आठवडे "कळवतो". शेवटी नवरा गुडघ्यावर रांगत गेला आणि कडेची लोकर मागे ओढून सगळीकडे ५० मिलिमीटरची वाट मोकळी केली. फॅनचा पाइप परत जोडून क्लिप मारली, तोही इन्सुलेशन गुंडाळलेला घेतला. आठवड्यात खिळे कोरडे. या कामात सगळे जाडी विकतात, २७० घ्या ३०० घ्या, आणि कोपऱ्याकडे कोणी बघत नाही. घराचं काय बिघडायचं ते कोपऱ्यात बिघडतं.

म्हणून कॅव्हिटीसाठी मी हट्टाने अशी माणसं शोधली जी आधी भोक पाडून बघतील. एक मध्यमवयीन बाई आल्या, सर्व्हेअर, हातात एंडोस्कोपीला वापरतात तशी बारीक नळी, तिच्या टोकाला कॅमेरा. भिंतीत सहा ठिकाणी सांध्यात भोकं पाडली आणि मला स्क्रीन दाखवला. नव्वद वर्षांत त्या पोकळीत कोणी बघितलं नसेल. विटांच्या मागच्या बाजू, गवंड्याने थापी पुसलेल्या तशाच, मधे टाय, कोळ्याचं जाळं. समोरची आणि मागची भिंत स्वच्छ. बाजूच्या भिंतीत मात्र तळाशी ढीग, बांधताना पडलेला चुना-सिमेंट, विटांचे तुकडे, आणि दोन टायांवर मसाल्याचे गोळे बसलेले. त्या म्हणाल्या हेच पूल. बाहेरचं पाणी या गोळ्यावरून चालत आत येतं, आणि तळाचा ढीग ओल अडवणाऱ्या थराच्या वर गेला तर जमिनीची ओल भिंतीत चढते. भरण्याआधी हे काढावं लागेल. आणखी एक सांगितलं, पश्चिम किनाऱ्याकडे वेल्सच्या वगैरे बाजूला जिथे वाऱ्याबरोबर पाऊस आडवा मारतो तिथे विटांची भिंत भरण्याआधी फार विचार करावा लागतो. कॉव्हेंट्री मधोमध आहे, त्यामानाने बरं.

पहिला माणूस म्हणाला होता परफेक्ट.

एप्रिल २०२४ मधे काम झालं, भिंती जरा कोरड्या झाल्यावर. आदल्या दिवशी बाजूच्या भिंतीच्या तळाशी चार ठिकाणी विटा काढून तो सगळा कचरा ओढून काढला, तीन बादल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी व्हॅन आली, बाहेरून सांध्यांमधे ड्रिल, साधारण इंचभराची भोकं, आणि त्यातून राखाडी रंगाचे थर्माकोलचे मणी, ज्वारीच्या दाण्याएवढे, हवेच्या दाबाने आत. सोबत गोंदाची फवार असते, त्याने ते आत एकमेकांना चिकटतात पण मधे फटी राहतात, त्यामुळे पाणी आलं तरी खाली निघून जातं. आजोबांच्या आणि आमच्या घराची पोकळी सलग, त्यांच्याकडे मणी वाहत जाऊ नयेत म्हणून हद्दीवर भिंतीत एक लांब ब्रश उभा सरकवला. आजोबा पूर्ण वेळ चहाचा मग घेऊन बाहेर उभे. त्यांनी त्यांची भिंत तीस वर्षांपूर्वी भरून घेतली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. ब्रश लागलाच नसता कदाचित, पण लावला ते बरं.

अकरा वाजता मी आत ओट्याशी उभी होते आणि सिंकखालून सुर्रर्र असा आवाज. दार उघडलं तर नळाच्या पाइपाशेजारच्या भोकातून राखाडी साबुदाणा वाहतोय. थांबेना. भांडी घासायचा साबण, स्क्रबर, कचऱ्याच्या पिशव्या सगळं त्यात बुडालं. मी मराठीत ओरडले, बाहेरच्या माणसाला मराठी न येता सगळं कळलं आणि त्याने मशीन बंद केलं. प्लंबरने कधीतरी पाइप घालताना मोठं भोक पाडून तसंच सोडलेलं. ते बुजवलं, पुढे काम सुरू. ते मणी आजही सापडतात, मिक्सरच्या खाली, चपलेत, एकदा पोह्यात सापडला.

दुपारी भोकं मॉर्टारने बुजवली, रंग बऱ्यापैकी जुळला, सांगितलं नाही तर कळत नाही. जाण्याआधी मी त्यांना जमिनीलगतच्या एअर ब्रिक, म्हणजे हवा जायला भोकं असलेल्या विटा, तपासायला लावल्या, आमची खालची जमीन लाकडी फळ्यांची आहे, तिच्या खाली वारा खेळला नाही तर लाकूड कुजतं. एक बंद झाली होती. त्यांनी तिथे हात घालून मोकळी केली आणि मी उदबत्ती धरून खात्री केली. तो माणूस माझ्याकडे बघत होता. नंतर म्हणाला ही कल्पना चांगलीये. कागदपत्रांत सिगाची (कॅव्हिटी इन्सुलेशनची गॅरंटी देणारी इथली संस्था) २५ वर्षांची गॅरंटी आली, ती घराबरोबर राहते, म्हणजे घर विकलं तरी पुढच्याला मिळते, म्हणून पासपोर्टच्या फाइलमधे ठेवलीये.

फरक काय पडला. रात्री दहाला हीटिंग बंद होतं, पूर्वी सकाळी वरच्या खोलीत १४ असायचं, मागच्या हिवाळ्यात १७ च्या खाली फारसं गेलं नाही. बिलाचा आकडा मी सांगणार नाही कारण दोन हिवाळे सारखे नसतात आणि दरही दर तिमाहीला बदलतात, पण बॉयलर आता सकाळी तासाभरात गप्प होतो, आधी नाश्ता होईपर्यंत घुरघुरायचा. भिंतीला पाठ टेकून बसता येतं, हे मला सगळ्यात आवडलेलं. पूर्वी पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचो. एक उलटंही झालं, घर आता वास धरून ठेवतं. फोडणीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत, घरात कपडे वाळत घातले तर काचेवर लगेच पाणी. त्यामुळे एक्झॉस्ट लावल्याशिवाय कढई गॅसवर चढत नाही, आणि रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडतो. नवऱ्याला ते बघवत नाही, एवढे पैसे घालून ऊब कोंडली आणि तू खिडकी उघडतेस म्हणतो.

आणि एक जागा राहिलीच. हॉलची पुढे आलेली गोल खिडकी, बे विंडो, तिच्या दोन मजल्यांमधल्या पट्ट्यात कॅव्हिटी नसते, नुसता लाकडी सांगाडा आणि बाहेरून कौलं. तिथे मणी भरता येत नाहीत. ती कौलं उतरवून आतून बोर्ड घालावे लागतील, त्याचं कोटेशन आलंय, फ्रीजवर लावलंय, त्याच्याकडे आम्ही दोघंही बघत नाही. सोफा तिथून हलवला.

मागच्या जानेवारीत परत तशीच कडक सकाळ होती. काच खरवडायच्या आधीच वर बघितलं. सगळं छप्पर पांढरं, रेघ नाही. फक्त आमच्या बाजूला चिमणीपाशी हाताएवढा काळा ठिपका, तिथून काहीतरी निसटतंय अजून. नवरा शिडी घेऊन वर गेला. आईंना व्हिडिओ कॉलवर छप्पर दाखवलं, म्हणाल्या छान झालं, मार्चमधे येते, कानटोपी आणू का नको ते नक्की सांग.